हनुवैकृती, शस्त्रकर्म आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या त्रैमासिकात जे रुग्णानुभव प्रसिद्ध होतात ते बहुधा यशाचे असतात, आणि ते तसे असणे स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखाचा प्रारंभ मात्र मी माझ्या एका चुकीने करीत आहे. ती चूक माझ्या एकट्याची असती तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु व्यवसायबंधूंशी बोलताना ती अनेकांकडून घडत असावी असे जाणवले, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी दुधाच्या टँकरवर चालक असलेला ३७ वर्षांचा एक गृहस्थ माझ्याकडे आला. सकाळी उठताच शिरःशूल, मुखशोष, दिवसभर तंद्रा, अंगगौरव आणि रात्री मोठ्याने घोरणे या त्याच्या तक्रारी होत्या. सोबत आलेली पत्नी म्हणाली, "डॉक्टर, हे झोपेत मधेच श्वास घ्यायचे थांबतात, मग दचकून उठतात. मला रात्रभर डोळा लागत नाही." मी नाडी पाहिली, जिह्वा पाहिली, कोष्ठ विचारला आणि कफप्रधान संप्राप्ती मांडून चिकित्सा सुरू केली. लंघन, दीपन-पाचन, त्रिफळा गुग्गुळ, नस्य, दिवास्वापवर्जन असा क्रम सहा महिने चालला. प्रतिश्याय कमी झाला, भूक सुधारली. तंद्रा मात्र तशीच राहिली. रुग्ण कृश होता. मेदाचा लवलेश नसलेल्या माणसाला हे सर्व का व्हावे, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडावयास हवा होता. तो पडला नाही.

पुढे एका पहाटे त्याचा टँकर रस्ता सोडून शेतात उतरला. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाही. त्यानंतर तो आला तेव्हा खिडकीशी पाठमोरा उभा राहून पत्नीशी बोलत होता, आणि वळताना त्याचा चेहरा मला प्रथमच बाजूने दिसला. हनुवटी जवळजवळ नव्हतीच. खालचा ओठ थेट मानेत उतरत होता. विचारले तेव्हा त्याने सांगितले, की लहानपणी बैलगाडीवरून हनुवटीवर पडलो होतो आणि नंतर कित्येक दिवस तोंड नीट उघडत नव्हते. सहा महिने मी ज्या कफाचा पाठलाग करीत होतो, त्याचा या व्याधीतील वाटा गौण होता. खालचा जबडा मागे राहिल्यामुळे निद्रेत जिह्वामूल घशात सरकून श्वासमार्ग रोधला जात होता. त्रिविध परीक्षेत दर्शन प्रथम सांगितले आहे. मी रुग्णास समोरून पाहिले, बाजूने पाहिले नाही.

हे शस्त्रकर्म म्हणजे काय

जबड्याची हाडे आकाराने किंवा स्थानाने विषम असतील, तर ती योजनापूर्वक छेदून योग्य जागी सरकविणे आणि तेथे स्थिर करणे, यास आधुनिक शास्त्रात ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. अमेरिकेतील सायमन हुलिहेन यांनी १८४९ मध्ये जळीत व्रणाच्या ओढीने विकृत झालेल्या खालच्या जबड्यावर केलेले कर्म हा याचा प्रारंभ मानला जातो. आज प्रचलित असलेल्या पद्धतीचे श्रेय मुख्यतः ह्युगो ओब्वेगेसर यांच्याकडे जाते. खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंस उभे चिरून त्याचे दोन पापुद्रे एकमेकांवर सरकविण्याची त्यांची पद्धती १९५७ मध्ये इंग्रजी नियतकालिकातून जगापुढे आली. हे छेद मुखाच्या आतून घेतले जातात, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रणचिन्ह राहत नाही. सरकविलेली हाडे टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू यांनी बसविली जातात.

हे एका दिवसाचे काम नव्हे. बहुतेक रुग्णांत शस्त्रकर्मापूर्वी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावून ते आपापल्या हाडावर सरळ केले जातात, आणि शस्त्रकर्मानंतरही काही महिने तारा ठेवाव्या लागतात. निवडक रुग्णांत शस्त्रकर्म आधी करून तारा नंतर लावण्याचीही पद्धत आता आली आहे. दंतवक्रता सुधारणारा ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मुख-जबड्याचा शल्यचिकित्सक या दोघांनी मिळून हे करावयाचे असते.

यातील वयाचा मुद्दा आपण विशेष ध्यानी घ्यावा. वाढीच्या वयात जबड्याच्या वाढीस उपकरणांनी काही प्रमाणात दिशा देता येते. वरचा जबडा मागे असल्यास वयाच्या आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास, खालचा मागे असल्यास यौवनारंभाच्या सुमारास ती संधी असते. वाढ थांबली की संधी संपते. त्यानंतर दोनच मार्ग उरतात: सौम्य वैषम्य असेल तर केवळ दात हलवून ते झाकणे, आणि तीव्र असेल तर हाडच सरकविणे. म्हणून बालकाचा जबडा आज पाहिला, तर उद्याच्या प्रौढाचे शस्त्रकर्म कदाचित टळते.

शास्त्राची साक्ष

काही व्यवसायबंधूंना वाटते, की हा विषय आपल्या संहितांच्या कक्षेबाहेरचा आहे. माझे मत तसे नाही. सुश्रुताचार्यांनी दंतगत रोगांत हनुमोक्ष गणला आहे. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत, उघडे राहिलेले मुख स्वेदनानंतर अंगुष्ठांनी दाबून व हनुवटी वर उचलून बसविण्याची क्रिया वर्णिली आहे. आजही निखळलेला जबडा बसविण्याचे तत्त्व तेच आहे. सुश्रुताच्या भग्नचिकित्सेत हनुसंधी बसवून स्वेदन व पंचांगी बंध सांगितला आहे. त्याच अध्यायात, वाकडे जुळलेले कांडभग्न पुन्हा मोडून नव्याने बसवावे असाही उपदेश आहे. तो उपदेश जबड्याविषयी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु विषम स्थितीत पक्का झालेला अस्थी औषधाने सरळ होत नाही, त्यासाठी त्याचे सातत्य खंडित करावे लागते, हा विचार आपल्या आचार्यांना परका नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

याउलट माधवनिदानात कराल नावाचा दंतरोग वर्णिला आहे. दातांचा आश्रय केलेला वायू त्यांना हळूहळू विकट करतो आणि हा रोग असाध्य, असे तेथे म्हटले आहे. त्या काळी उपलब्ध साधनांनी तो असाध्य होता आणि ग्रंथकाराने तसे स्पष्ट लिहिले. आपण आज त्याच प्रकारच्या विकृतीसाठी 'दोन महिने तेल लावून पाहू' असे म्हणतो, तेव्हा आपण शास्त्राशी एकनिष्ठ राहत नाही. साध्यासाध्यतेचा निर्णय आधी करावा आणि चिकित्सा नंतर, हा क्रम आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे.

अधिकाराचाही प्रश्न आचार्यांनी सोडविला आहे. पक्व गुल्माच्या प्रसंगी चरक तो विषय धान्वंतर संप्रदायाच्या अधिकाराचा म्हणून सोपवितात. ऊर्ध्वजत्रुगत रोगांच्या विवेचनातही, हा इतरांचा प्रांत असल्याने येथे विस्तार करीत नाही, अशी मर्यादा ते स्वतःवर घालतात. कायचिकित्सेचा एवढा मोठा आचार्य रुग्ण दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा मानीत नाही. मग आपण का मानावा?

येथे २०२० मधील एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. त्या वर्षी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू कितपत बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. परंतु ती यादी पदव्युत्तर शिक्षणासाठी होती, आणि जबड्याचे हाड छेदून सरकविण्याचे कर्म तिच्यात नाही. सुश्रुताचे वारस म्हणवून घेताना हे भान सुटू नये. आपल्यासारख्या बी.ए.एम.एस. चिकित्सकाने करावयाचे आहे ते अचूक निदान, वेळेवर पाठवणी आणि पूर्वकर्म-पश्चात्कर्मातील साहाय्य. हे काम लहान नाही.

कोणास गरज आहे, कोणास नाही

या शस्त्रकर्माची जाहिरात शहरांतून आता सौंदर्यवर्धनाचे साधन म्हणून होऊ लागली आहे. त्यामुळे दोन टोकाची मते बनली आहेत. एक मत म्हणते, ही श्रीमंतांची चैन आहे. दुसरे म्हणते, हनुवटी चित्रातल्यासारखी नसेल तर ती करून घ्यावी. दोन्ही मते मला अमान्य आहेत. चेहरा कसा दिसतो यापेक्षा जबडा काय काम करू शकत नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

ज्यांस खरोखर गरज असते ते रुग्ण आपल्याकडे निराळीच तक्रार घेऊन येतात. मागचे दात मिटले तरी पुढच्या दातांत फट राहते, अशा रुग्णास भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. तो अन्न गिळतो आणि आपण त्याच्या अग्निमांद्यास चूर्ण देतो. खालचे दात वरच्या टाळूवर आदळून तेथे वारंवार व्रण होतो. आपण मुखपाकाची चिकित्सा करतो. बालपणी हनुवटीस मार लागून किंवा कर्णस्रावानंतर हनुसंधी जखडलेला असतो. जबडा वाढत नाही, दात घासता येत नाहीत आणि पुढे निद्रेत श्वास अडतो. सुश्रुतोक्त वर्गीकरणाच्या भाषेत बोलायचे तर काही वैकृती आदिबलप्रवृत्त असतात, काही जन्मबलप्रवृत्त, तर काही संघातबलप्रवृत्त. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्यात पुढे आलेला खालचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला, हे आनुवंशिकतेचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

निद्रेतील श्वासरोध हा यांतील सर्वांत गंभीर विषय. प्रौढात निद्रेमध्ये किमान १० सेकंद श्वासप्रवाह थांबणे यास एक श्वासरोध मानतात. असे रोध व अर्धरोध मिळून तासाला ५ पेक्षा अधिक झाल्यास ते विकृत, आणि ३० वा अधिक झाल्यास तीव्र समजले जाते. उच्च रक्तदाब, हृद्रोग आणि वाहन चालविताना झोप लागणे हे त्याचे परिणाम. स्थौल्य हे प्रमुख कारण खरे, पण एकमेव नव्हे. अशा रुग्णांत प्रथम हवेचा दाब देणारे सी-पॅप यंत्र योजतात. ते सहन होत नसेल आणि जबडे मागे असतील, तर दोन्ही जबडे पुढे आणण्याचे शस्त्रकर्म विचारात घेतात.

ज्यांस गरज नाही त्यांचीही गणना केली पाहिजे. तोंड उघडताना कानाजवळ नुसता 'कट्' आवाज येतो, वेदना नाही, तोंड पूर्ण उघडते, अशास शस्त्रकर्म नको. दात खाणे, मानसिक ताण, एकाच बाजूने चावणे यांमुळे होणारा हनुसंधिशूल बहुतेकांत मृदू आहार, विश्रांती, व्यायाम व दंतपट्टी यांनी शमतो. येथे आपल्या स्नेहन-स्वेदनास निश्चित स्थान आहे. केवळ संधिशूल थांबावा म्हणून जबडा सरकविण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर रुग्णास दुसरे मत घेण्यास सांगावे. माझ्याकडील एका तरुणीचा खालचा जबडा पुढे होता आणि विवाह जुळत नाही म्हणून वडील शस्त्रकर्माचा आग्रह धरीत होते. तिला चावण्याचा, बोलण्याचा काही त्रास नव्हता आणि तिची स्वतःची इच्छाही नव्हती. शल्यचिकित्सकाने तिच्याशी एकांतात बोलून कर्म करण्यास नकार दिला. त्या नकारामुळे माझा त्यांच्यावरील विश्वास दुणावला.

सावधान करणारी चिन्हे

पुढील चिन्हे आढळल्यास विलंब करू नये.

प्रौढ वयात जबडा नव्याने वाढू लागला, सोबत अंगठी घट्ट होऊ लागली, पादत्राणाचे माप बदलले, तर पियूषिका ग्रंथीची विकृती शोधावी. चेहरा एकाच बाजूने वाकडा होत चालला असेल, तर त्या बाजूच्या हनुसंधीच्या अस्थीची अतिवृद्धी किंवा अर्बुद आहे काय ते पाहावे. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, गालाची आतील त्वचा पांढुरकी व ताठ लागली, तर दोष हनुसंधीचा नसून मुखातील तंतुमयतेचा आहे आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तथापि असे रुग्ण येतच आहेत. व्रणानंतर अकस्मात जबडा बसल्यास धनुर्वाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात धाडावे.

परीक्षेस उपकरण लागत नाही. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांत जातात काय ते पाहावे. दात मिटवून पुढे फट राहते काय पाहावे. चेहरा समोरून व दोन्ही बाजूंनी पाहावा. घोरणे, दिवसा झोप आणि झोपेत श्वास थांबणे याविषयी शय्यासोबत्यास विचारावे. याला पाच मिनिटे लागतात.

आपला वाटा

रुग्णास पाठविल्यावर आपले काम संपत नाही. शस्त्रकर्मापूर्वी तो कोणती औषधे घेत आहे, याची लेखी यादी शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांना द्यावी. लसूण, हरिद्रा, शुंठी यांचे घन किंवा गुग्गुळकल्प रक्तस्रावावर परिणाम करू शकतात, म्हणून ते केव्हा थांबवावेत हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. तंबाखू सोडविणे हे तर आपलेच काम. शस्त्रकर्मानंतर कित्येक आठवडे चावण्यास मनाई असते. अशा वेळी पेया, विलेपी, यूष, दूध, तूप असा संसर्जनक्रमाच्या धर्तीवरील आहार आपल्याइतका उत्तम कोण आखून देईल? वजन घटू नये, मलावष्टंभ होऊ नये, हे पाहावे. परंतु वरच्या जबड्याचे कर्म नासागुहेस लागून असते. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीखेरीज नस्य, जोरदार गंडूष किंवा जबड्यावर मर्दन करू नये.

दोषही रुग्णास सांगावेत. खालच्या ओठाची व हनुवटीची बधिरता या कर्मानंतर बहुधा येते. पुष्कळांत ती काही महिन्यांत उतरते, काहींत अंशतः कायम राहते. हाड पुन्हा थोडे मागे सरकू शकते. खर्च मोठा असतो. खासगी रुग्णालय परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुखशल्य विभागाकडे चौकशी करण्यास सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. घोरणाऱ्या व दिवसा पेंगणाऱ्या माणसाला 'झोप नीट लागत नाही' म्हणून झोपेची गोळी कधीही देऊ नये; तिने श्वासरोध वाढू शकतो. जो ग्राहक महिनोन्‌महिने जबड्याच्या दुखण्यासाठी तेल किंवा वेदनाशामक नेतो, त्यास 'एकदा तपासून घ्या' एवढे सांगितल्याने आपले एक गिऱ्हाईक कमी होईल, हे मान्य. पण तोच माणूस आयुष्यभर आपल्या दुकानावर विश्वास ठेवील.

टँकरचालक रुग्णाची कथा पूर्ण करतो. निद्रापरीक्षणात तीव्र श्वासरोध आढळला. प्रथम त्यास यंत्र दिले आणि ते सरावाचे होईपर्यंत वाहन चालविणे बंद केले. प्रवासाच्या कामात यंत्र नियमित वापरणे त्यास जमेना, म्हणून तारांच्या दीर्घ उपचारानंतर दोन्ही जबडे पुढे घेण्याचे कर्म झाले. आज तो पुन्हा कामावर आहे. खालच्या ओठाचा डावा भाग अजून बधिर आहे. चहा पिताना तो थोडा सांडतो आणि स्वतःच हसतो. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही शेवटी पाठवलंत ना, डॉक्टर." त्यातील 'शेवटी' हा शब्द त्याने सहज उच्चारला असेल, परंतु माझ्या मनातून तो गेलेला नाही.

तेव्हापासून माझ्या चिकित्सालयातील रुग्णपत्रकावर नाडी, मल, मूत्र, जिह्वा यांच्याखाली 'हनु' अशी एक ओळ मी छापून घेतली आहे. आपणही ती घ्यावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.